रविवारचं वांगं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका डॉक्टरच्या खोलीत मी दुभाषी म्हणून बसलो होतो, आणि एका बाईंनी मराठीत सांगितलेलं वाक्य मी इंग्रजीत सांगितलं नाही. ऐकलं नीट. अर्थ कळला. त्या अर्थाचं पुढे काय होणार तेही कळलं, आणि मग गाळलं. त्यापायी पुढे त्या बाईंचा जीव जाता जाता वाचला. काम मात्र गेलंच.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ‘एखाद्या मजेशीर माणसावर हलकंफुलकं लिहून द्या ना, डॉक्टर’ असा निरोप आला, तेव्हा मला याच बाई आठवल्या. मजेशीर तर त्या होत्याच. हलकंफुलकं दोनदा लिहून पाहिलं आणि दोनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

नाव घालत नाही. क्लिनिकमध्ये त्यांना सगळे मावशी म्हणायचे. मीसुद्धा, जरी त्या माझ्याहून आठ-नऊ वर्षांनीच मोठ्या असतील. माझं दातांचं क्लिनिक न्यू जर्सीत, आयसेलिनला, ओक ट्री रोडवरून आत वळलं की साड्यांच्या दुकानाच्या वर. मावशींचं राज्य मागच्या खोलीत. वापरलेली उपकरणं धुवायची, पुसायची, पाकिटात घालायची आणि वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करायची, हे त्यांचं काम. त्या मशीनला त्या कुकर म्हणत आणि माझ्या झाडून सगळ्या उपकरणांना चमचे.

“डॉक्टर, कुकर लावलाय. आता अर्धा तास कुणी चमचे मागायचे नाहीत.”

मी त्यांना कामावर ठेवलं असं म्हणणं चुकीचं होईल. त्यांचा मुलगा माझा पेशंट. एडिसनला राहणारा, आयटीतला, नेहमी घाईत असलेला. त्याच्यासोबत त्या एकदा आल्या. मुलगा खुर्चीत, या बाहेर. बाहेर बसवेना म्हणून मागच्या खोलीत डोकावल्या आणि तिथल्या मुलीचं धुणं बघत उभ्या राहिल्या. मी गेलो तर मला म्हणाल्या, “हे असं धुतात इथं? कऱ्हाडला आमच्या सिस्टरने कानफटात दिली असती.” पुढच्या सोमवारी डबा घेऊन हजर. ती धुणारी मुलगी कॉलेज सुरू झालं म्हणून सोडून चाललीच होती. मी ‘या उद्यापासून’ म्हणेपर्यंत मावशींचे तीन दिवस भरले होते. कागदपत्रं मागाहून केली.

कऱ्हाडला त्या एका सूतिकागृहात आया होत्या, वीसेक वर्षं. तिथे रबरी हातमोजे फेकत नसत. धुवायचे, उलटे करून फुंकून भोकं बघायची, गच्चीत दोरीवर चिमट्याने वाळत घालायचे, पावडर मारून पुन्हा वापरायचे. “लांबून बघितलं तर वाटायचं, कुणीतरी हात वाळत घातलेत,” त्या सांगायच्या. आमच्याकडे आल्यावर पहिल्या आठवड्यात सिंकच्या वर मला अशीच दोरी दिसली. पाच-सहा जोड लटकत होते. मी जरा चढ्या आवाजात सांगितलं की असं केलं तर दवाखाना बंद होईल, इथे एक जोड एका वेळेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “म्हणजे रोज एवढे हात कचऱ्यात?” दिवसभर टोपलीकडे बघून त्या च्च च्च करत राहिल्या.

पण एकदा पटल्यावर त्यांनी हातमोज्यांचा जो काही धर्म केला, तो आमच्या कुणाच्याच आवाक्यातला नव्हता. सूतिकागृहातून घरी आल्यावर सासूबाई त्यांना मागच्या दारी अंघोळ करायला लावायच्या. थंडी असो, पाऊस असो. तोवर पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही; दवाखान्याचं ओवळं घरात नको. “वीस वर्षं मी ओवळी होते, डॉक्टर,” हाताला मोजे चढवत त्या म्हणायच्या. “आता हे माझं सोवळं. आता तुम्ही लांब व्हा.” आणि खरोखर लांब व्हावं लागायचं. धुतलेल्या ट्रेच्या वाटेत मी आलो तर कोपराने बाजूला सारायच्या. मोजे घातल्यावर दाराची मूठ, फोन, स्वतःचा चष्मा कशालाही हात लावायच्या नाहीत. चष्मा घसरला तर पुढच्या टेबलावरच्या कार्मेनला हाक. कार्मेन बोलायची स्पॅनिश आणि इंग्रजी, या मराठी आणि मराठी. कार्मेन येऊन चष्मा वर सरकवायची, मावशी “सुखी राहा” म्हणायच्या, ती “नो प्रॉब्लेम, मावशी” म्हणायची.

पेशंटशीही त्या मराठीतच बोलत. माझ्या हाताखाली कुणी नसलं की त्या पुढे येत. “आ करा. अजून आ. हं, बास.” एक निवृत्त गोरे पोस्टमन आजोबा होते. त्यांनी ‘बास’ एवढं बरोबर उचललं, की ड्रिल थांबवायचं असलं की हात वर करून ते “बास!” ओरडायचे. हळूहळू आमच्याकडे सगळेच पेशंट थांबायला ‘बास’ म्हणायला लागले. चिनी, गुजराती, सगळे. तो शब्द तेवढा मावशींनी न्यू जर्सीला दिला.

साथीचा काळ आला. दोन-अडीच महिने बंद ठेवून आम्ही पुन्हा उघडलं, तेव्हा ग्लोव्ह्ज मिळेनात. आम्ही वापरायचो ते निळे, नायट्रिलचे. ते कुठेच नव्हते. एक म्हातारे डॉक्टर प्रॅक्टिस बंद करत होते, त्यांच्या तळघरात लेटेक्सचे, म्हणजे अस्सल रबराचे, खोकेच्या खोके होते. मी गाडी भरून आणले. मावशी खूश. पहिला जोड नाकाला लावून म्हणाल्या, “हां, हा वास! कऱ्हाडचा वास.”

तीन आठवड्यांत त्यांच्या मनगटांवर लाल गांधी उठायला लागल्या. मग कोपरापर्यंत. मग मान, पापण्या, जिथे जिथे हात लागतो तिथे तिथे.

“पित्त उठलंय,” मावशी म्हणाल्या.

हा शब्द मी इतक्या वेळा मनात घोळवलाय. आपल्याकडे अंगावर असं काही उठलं की ते पित्तच असतं. शब्दातच निदान येतं, आणि निदानात दोषी कोण तेही येतं: जे खाल्लं ते, आणि ज्याने खाल्लं तो. कामावर काय हाताळलं हे विचारायची सोयच त्या शब्दात नाही. मावशींनी ते विचारलं नाही. मला तो शब्द ऐकून बरं वाटलं. हे कबूल करतो.

त्यांनी पित्ताशी लढाई सुरू केली. स्टाफच्या फ्रिजवर एक कागद लागला, वर मोठ्या अक्षरात ‘वर्ज्य’. पहिलं नाव वांगं. मग दही. मग शेंगदाणे. मग केळं, कारण केळं खाल्लं की ओठ चुरचुरायचे. यादी वाढत गेली आणि गांधीही वाढत गेल्या. कार्मेनने मला विचारलं, हे काय लिहिलंय? मी म्हणालो, डाएट. ती म्हणाली, “पुअर थिंग, मग खाते काय?” खात काही नव्हत्याच. डब्यात भाकरी आणि मुगाचं वरण, आणि एका बाटलीत आमसुलाचं पाणी. हात झोंबतात म्हणून त्या एकावर एक दोन जोड घालायला लागल्या. जखमेला आडोसा म्हणून. ज्याने होत होतं तेच दुप्पट. मी ते बघत होतो.

एकदा तर त्या हातांना गेरू लावून आल्या. रांगोळीसाठी ओक ट्री रोडवर मिळतो तो. पित्ताला गेरू लावतात, हे मी लहानपणी माझ्या आजोळी पाहिलेलं. वरून लेटेक्सचे मोजे. दुपारपर्यंत घामाने गेरू भिजला आणि मोज्याच्या काठातून तांबडं पाणी निळ्या बाहीवर उतरलं. समोर खुर्चीत एक अमेरिकन बाई, तोंड उघडं. तिचे डोळे विस्फारले. “इज दॅट ब्लड?”

“नो, नो,” कार्मेन दारातून म्हणाली, “इट्स ऑर्गॅनिक.”

आम्ही दोघं मागे जाऊन पोट धरून हसलो. मावशीही हसल्या. त्यांनी मोजे काढले तेव्हा मात्र माझं हसू ओसरलं. गेरू धुतल्यावर खालची कातडी दिसली. मी ते हात धरून बघितले. दंतवैद्याला लेटेक्सची ॲलर्जी ओळखता येत नाही असं कुणी म्हणेल तर म्हणू दे, मला आली. शिकताना ऐकलेलं एक लेक्चर जसंच्या तसं आठवलं. रबर, केळं, पापण्या, घसा: रबर ज्यांना सोसत नाही त्यांतल्या बऱ्याच जणांना केळंही सोसत नाही. मी मावशींना म्हणालो, “दोन दिवस घरी आराम करा.” त्या म्हणाल्या, “घरी कशाला? घरी काय कमी पित्त आहे का?” त्यांचं आणि सुनेचं फारसं नव्हतं. मी आग्रह केला नाही.

पुढच्या बुधवारी त्या आल्या तेव्हा एक डोळा मिटलेला होता, सुजून. दुसराही मिटायला लागला. मुलगा ऑफिसच्या कामाने टेक्सासला, अर्विंगला. मी त्यांना गाडीत घालून एडिसनच्या एका अर्जंट केअरमध्ये, म्हणजे वेळ न घेता जाता येतं अशा दवाखान्यात, नेलं. तिथल्या नर्सने विचारलं, फोनवर दुभाषी हवा का, मराठीला थोडा वेळ लागेल. मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आपले डॉक्टर सोबत असताना फोनवरचा परका कशाला?”

डॉक्टर तरुण होता, नीट ऐकणारा. काम काय? मी सांगितलं. ग्लोव्ह्ज कसले? “लेटेक्स,” मी म्हणालो, “सध्या दुसरे मिळत नाहीत.” तिथपर्यंत मी खरं बोललो. त्याचं टायपिंग थांबलं. मावशींकडे वळून त्याने विचारलं, “डझ इट गेट बेटर ऑन युअर डेज ऑफ?” सुटीच्या दिवशी बरं असतं का.

मी तो प्रश्न बरोबर विचारला. मावशी सावरून बसल्या. त्या प्रश्नाची त्या जणू वाटच बघत होत्या.

“हे बघा, त्यांना नीट सांगा हं. शनिवार-रविवार मला काही म्हणजे काही होत नाही. रविवारी मी भरली वांगी खाते. वर्ज्य आहेत, पण राहवत नाही, खाते. पोटभर. एक गांध उठत नाही. आणि सोमवारी तुमच्याकडे येऊन साध्या वरणभाताने कोपरापर्यंत उठतं. म्हणजे रविवारचं वांगं चालतं आणि सोमवारचं वरण चालत नाही. असं कसं, ते विचारा त्यांना.”

असं कसं, ते त्या खोलीत दोघांना कळलं असतं. मला कळलेलंच होतं.

माझ्या डोक्यात त्या काही सेकंदांत काय काय आलं ते सांगतो, कारण न सांगण्यात आता अर्थ नाही. हा ‘कामामुळे’ असं लिहिणार. मग कागद, विमा, तपासणी. सगळं लेटेक्स बाहेर काढा म्हणणार. दुसरे ग्लोव्ह्ज नाहीत, म्हणजे पुन्हा बंद. आत्ता कुठे उघडलंय. आणि दोन वाजता माझा पेशंट येऊन बसलेला असणार. हे शेवटचं सगळ्यात क्षुल्लक, आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात जोरात आलं. मी थकलेलो होतो. त्या वर्षी सगळेच थकलेले होते, त्याचं भांडवल करत नाही.

मी म्हणालो, “नो. शी सेज इट्स द फूड. एगप्लँट. बनाना.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. “शी सेड अ लॉट मोअर दॅन दॅट.”

“शी लाइक्स टु टॉक,” मी म्हणालो.

तो हसला. तो हसलेला बघून मावशीही हसल्या, सुजलेल्या डोळ्यांनी.

केळं ऐकून तो जरा घुटमळला, असं मला वाटतं. म्हणाला, जमलं तर ग्लोव्ह्ज बदलून बघा, आणि ॲलर्जीच्या स्पेशालिस्टला दाखवा. तिथला नंबर लागायला काही महिने जातील. स्पेशालिस्टचं तेवढं मी मावशींना सांगितलं. “पित्ताला कसला स्पेशालिस्ट?” त्या म्हणाल्या. मी गाडीच्या किल्ल्या काढल्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, “काय म्हणाले शेवटी?”

“वांगं बंद.”

“रविवारचंसुद्धा?”

“रविवारचंसुद्धा.”

त्यांनी सीटचा पट्टा लावला. म्हणाल्या, “बरं. डॉक्टर म्हणतात तर.”

महिन्याभरात निळे ग्लोव्ह्ज मिळायला लागले. पहिला खोका आला त्या दिवशी सगळे गेल्यावर मी उरलेलं लेटेक्स स्वतः खाली नेऊन मोठ्या कचराकुंडीत टाकलं. कुणाला काही सांगितलं नाही. मला वाटलं, मिटलं. पंधरा दिवसांत मावशींचे हात स्वच्छ झाले. फ्रिजवरचा कागद त्यांनी आरतीला उभं राहावं तसं उभं राहून वाचला. “बघितलंत? वांगं पुरतं सोडलं आणि सुटले.” मग त्या पेशंटांनाही वांगं सोडायला सांगू लागल्या. हिरड्या सुजल्या? वांगं सोडा. पोस्टमन आजोबांनी मला विचारलं, हे एगप्लँटचं काय आहे? मी म्हणालो, आमच्याकडचा एक समज आहे. ‘आमच्याकडचा’ म्हणालो. दोष आमच्याकडच्या समजुतींवर टाकून मी त्यांच्या दाताला हात घातला.

मला सगळे चांगलं म्हणत. मावशींना स्वतः गाडीतून डॉक्टरकडे नेणारा मालक. त्यांच्या मुलाने फोन करून थँक्यू म्हटलं. दिवाळीला मावशींनी माझ्या घरी चकल्या पाठवल्या. मी त्या खाल्ल्या.

रिया आमच्याकडे आली ती याच्यानंतर. माझ्या एका मित्राची मुलगी, इथेच जन्मलेली, नुकतीच डेंटिस्ट झालेली. मला लहानपणापासून काका म्हणणारी. मावशी तिला छोट्या डॉक्टरीणबाई म्हणत आणि तिचे चमचे माझ्या आधी तयार ठेवत. रिया इंग्रजीत उत्तर द्यायची, मधे मधे तिचं ते घरचं मराठी. “मावशी, तुम्ही मला स्पॉइल करता.” “करते बाई, स्पॉइल तर स्पॉइल.”

मावशींची खालची दाढ दुखायला लागली. रूट कॅनाल करायचं ठरलं. मावशींचा हट्ट, छोट्या डॉक्टरीणबाईंनीच करायचं. आमच्याकडे स्टाफचाही फॉर्म भरतात. फॉर्मवर लेटेक्सची चौकट असते. कार्मेनने एकेक शब्द वाचला, मावशी मान हलवत राहिल्या. नो, नो, नो. शेवटी पेन घेऊन त्यांनीच देवनागरीत लिहिलं: वांगे, केळे, दही. रियाला ते वाचता येईना. ती माझ्या खोलीच्या दारात आली. माझ्यापुढे पेशंट होता.

“काका, मावशींना कसली ॲलर्जी आहे? हे काय लिहिलंय?”

“एगप्लँट,” मी म्हणालो.

ती हसली. मीही हसलो. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हतो. तोवर मी स्वतःचंच भाषांतर खरं मानायला लागलो होतो.

रूट कॅनाल करताना दाताभोवती रबराचा एक पातळ पडदा, रबर डॅम, ताणून बसवतात, औषध घशात जाऊ नये म्हणून. ग्लोव्ह्ज मी बदलले होते. ते पडदे खालच्या ड्रॉवरमध्ये तसेच होते, जुन्याच खोक्यातले, लेटेक्सचे. ते माझ्या ध्यानात आले नाहीत. हे खरंच विसरणं होतं. पण मी कुणाला सांगितलं असतं, तर ते आठवायला दुसरं कुणीतरी असतं. मावशींनी स्वतः आठवलं असतं. तो ड्रॉवर त्याच लावायच्या.

मी शेजारच्या खोलीत होतो. रियाचा आवाज येत होता, “ऑलमोस्ट डन, मावशी, फक्त दहा मिनिटं हं.” मावशी घशातून काहीतरी बोलत होत्या. पडदा लावलेला असताना कुणालाच बोलता येत नाही, पण मावशी तशाही सारखं बोलतच असायच्या. मग तोच आवाज पुन्हा आला, आखूड. पुन्हा. ट्रेवर बोटांचा ठोका. मला तो शब्द ओठांशिवाय ओळखू यायला वेळ लागला. न्यू जर्सीला ज्यांनी तो शिकवला त्या स्वतः म्हणत होत्या, आणि कुणी थांबत नव्हतं.

मी आत गेलो. मानेवर गांधी, ओठ पडद्याच्या कडेने फुगलेले, डोळे माझ्यावर. मी पडदा उपटून फेकला, ॲड्रिनलिनचं इंजेक्शन मांडीत दिलं, कार्मेनने अँब्युलन्सला फोन केला. रिया भिंतीला टेकून उभी होती, हात वर धरून, जणू तिचेच हात कुणीतरी ओवळे केलेत. मावशींच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्यांचा हात धरून होतो. त्यांनी तो दाबला. धीर त्या मला देत होत्या.

नंतर रियाने विचारलं, “काका, तुम्ही आल्या आल्या थेट डॅमच का काढला? मला वाटलं भुलीच्या इंजेक्शनची रिॲक्शन. तुम्हाला कसं कळलं?”

“अनुभव,” मी म्हणालो.

तिने मान डोलावली. काही महिन्यांनी ती सोडून गेली. आता दुसऱ्या गावात प्रॅक्टिस करते. तिचा बाबा, माझा मित्र, म्हणतो, रूट कॅनालला हात लावत नाही, सगळी बाहेर पाठवते. “कॉन्फिडन्स गेला यार तिचा. म्हणते, मी पेशंटला नीट विचारलं नाही.” मी त्याच्यासोबत दर शनिवारी चालायला जातो. तो हे सांगतो, मी ऐकतो, आम्ही तळ्याला वळसा घालून परत येतो.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी मी मावशींना भेटायला गेलो. मनगटात एक पट्टा बांधलेला, त्यावर ‘लेटेक्स’. मुलगा बाहेर फोनवर होता.

“हे लेटेक्स म्हणजे नक्की काय हो?”

“रबर. रबराच्या झाडाचा चीक असतो, त्याचं करतात.”

“चीक!” त्यांचे डोळे चमकले. “रुईचा चीक लागला की उठतं, तसं? मग ते तेव्हाचं पण चिकाचंच असणार. पित्त नव्हतंच ते.” त्यांनी मनगटावरचा पट्टा बोटाने फिरवून बघितला. मला वाटलं, आता येणार. आता त्यांना रविवार आठवणार.

“तेव्हाच्या त्या डॉक्टरला नाही कळलं,” त्या म्हणाल्या. “पण त्याचा तरी काय दोष? त्याला आपली भाषा कुठे येत होती? तुम्ही होतात म्हणून निदान तेवढं तरी त्याच्यापर्यंत पोचलं.”

मी त्यांना पाणी दिलं.

मावशी परत कामावर येऊ शकल्या नाहीत. आता आमच्याकडे रबराचा कण नाही, मीच सगळं शोधून काढलं. पण मुलगा नको म्हणाला, आणि त्याचं चूक नव्हतं. निरोप घ्यायला आल्या तेव्हा त्या मागच्या खोलीत गेल्या, कुकरचं झाकण उघडून बंद केलं, आणि कार्मेनकडून चष्मा वर सरकवून घेतला. हातात मोजे नव्हते, तरी. घरी सुनेला त्या मधे मधे लागतात, असं कानावर येतं. नातवंडांच्या वाढदिवसाला रबराचे फुगे नकोत म्हणून तिथेही त्यांच्यावर डोळे वटारले जातात. पुन्हा त्या मागच्या दारीच आहेत.

गेल्या महिन्यात ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला गेलो तर त्या दिसल्या. वांग्यांच्या टोपलीपुढे उभ्या. लहान, जांभळी, काटेरी देठाची, भरायला लागतात तशी. एक उचललं, वजन जोखलं, देठ बघितला, आणि परत ठेवलं.

“घ्या की, मावशी.”

“अगबाई, डॉक्टर! नाही हो. बंद आहे ना मला.”

“आता कशाला बंद? ते तर रबराचं निघालं.”

“ते रबराचं वेगळं,” त्या म्हणाल्या, “आणि त्या डॉक्टरांनी वांग्याचं वेगळं सांगितलं होतं. रविवारचंसुद्धा नको म्हणाले होते. तुम्हीच नव्हतं का सांगितलंत?”

दुकानात गर्दी होती. मागून कुणीतरी एक्सक्यूज मी म्हणत सामानाची गाडी ढकलत आलं. सांगायला यापेक्षा सोपी वेळ मला मिळणार नव्हती. “तब्येतीला जपा,” मी म्हणालो आणि कोथिंबिरीकडे वळलो.

मंडळाचा अंक त्यांच्या घरी जातो. त्या शेवटच्या पानावरच्या जाहिरातीसुद्धा वाचतात. म्हणजे हे छापून यायच्या आत मला जावं लागेल, आधी त्यांच्याकडे, मग रियाकडे. वकील काय म्हणेल ते माहीत आहे, म्हणून त्याला विचारलेलं नाही.

मावशींना सुटीच्या दिवशी बरं असायचं, ते त्यांनी सांगितलं होतं, आणि मी ते गाळलं. हे एवढं मी मावशींना मराठीत आणि रियाला इंग्रजीत देणं लागतो, आणि वांगं चालतं हेही. अजून दिलेलं नाही.